पोलाद भट्टीचा स्लॅग भरावात टाकण्याआधी

लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीचा स्लॅग (वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी) आणि पोलाद भट्टीचा स्लॅग नावाने जवळचे, वागणुकीने अगदी वेगळे. पहिला दाणेदार करून बारीक दळला की साधारण 30 ते 50 टक्के सिमेंटच्या जागी चालतो. काँक्रीटला सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणून सेंटरिंग उशिरा काढा आणि पाणी मारणे लांबवा.

खरी गोम दुसऱ्यात. त्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) उरलेला असतो. ओल लागली की हा चुना फुगून जवळपास दुप्पट जागा घेतो, मॅग्नेशिया तर वर्षानुवर्षे फुगत राहतो. त्यामुळे फरशी किंवा पायाखाली हा भराव नकोच; फरशी उचलली जाते, भिंतींना तडे जातात. इतरत्र वापरायचा तर आधी फोडून खडी करा, उघड्यावर ढीग लावून पाणी मारत काही महिने मुरू द्या, मग प्रयोगशाळेत वाफेवरची प्रसरण चाचणी करून घ्या. ‘ढीग जुना आहे’ हा पुरावा नव्हे. ढिगाच्या पोटातला माल बहुधा कोरडाच राहतो, नमुना तिथूनही घ्या. चाचणीत उतरलेला माल रस्त्याच्या थरात वापरता येतो. मात्र त्यातून झिरपणारे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. विहीर-ओढ्यापासून तो लांबच ठेवा.