पावसाच्या पाण्याचा पीएच मोजायचाय? आधी पेन पारखून घ्या

पाऊस सुरू झाला की कोणी ना कोणी पागोळीखाली बादली लावतं, तिच्यात कागदी पट्टी बुडवतं आणि ‘आमच्याकडे आम्लपर्जन्य’ म्हणून फोटो टाकून मोकळं होतं. पागोळीच्या पाण्यावरून पत्रा, शेवाळ आणि कबुतरं यांचा हिशेब लागेल, पावसाचा नाही. आणि पट्टीचं तर नावच काढू नका. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टीतल्या रंगद्रव्यानेच त्याचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (७ च्या जितका खाली, तितकं पाणी जास्त आम्ल), सरकतो.

पीएच पेन (टोकाला इलेक्ट्रोड असलेलं छोटं मीटर), ४ आणि ७ चे ताजे बफर (पेन जुळवून घ्यायची ठरावीक पीएचची द्रावणं) आणि सीलबंद डिस्टिल्ड पाणी हाताशी आहे असं धरतो. गॅरेजमधल्या उघड्या कॅनमधलं पाणी नको, त्यात बॅटरीचं ॲसिड मिसळलेलं असू शकतं.

पाणी गोळा करणं सोपं आहे. डिस्टिल्ड पाण्याने विसळलेला प्लास्टिकचा टब गच्चीच्या मधोमध स्टुलावर ठेवायचा, सर सुरू झाल्यावर ठेवायचा आणि थांबताच उचलायचा. तासन्‌तास आधी ठेवलात तर त्यात धूळ बसते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या टबात १ मिलिमीटर पावसाचं साधारण ७० मिलिलिटर पाणी जमतं, म्हणजे एक बरी सर पुरते.

खरी डोकेदुखी पुढे आहे. मीही सुरुवातीला इथेच अडलो होतो. बफरमध्ये झोकात ७.०० दाखवणारं पेन पावसाच्या पाण्यात गेलं की आकडा हलतच राहतो: ६.४, ६.१, ५.९, मग पुन्हा ६.०. पेन बिघडलेलं नसतं. या पाण्यात आयनच इतके थोडे की इलेक्ट्रोडला धरायला काही मिळत नाही. त्यात बफरचा एखादा थेंब टोकाला चिकटून राहिला असेल, तर तुम्ही पाऊस नव्हे, तो थेंब मोजताय.

म्हणून बफरनंतर टोक डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा. पुसू नका, नुसतं झटका. नमुना तीन छोट्या कपांत घ्या. पहिल्या दोन कपांत पेन बुडवून, हलवून ते पाणी फेकून द्या, वाचन तिसऱ्यातच घ्या. हलकेच ढवळा, मग ढवळणं थांबवा आणि किमान पाच मिनिटं आकड्याकडे बघू नका. तरीही स्थिरावत नसेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं पोटॅशियम क्लोराईड नखावर मावेल इतकं घाला. स्वयंपाकाचं मीठ हरगिज नको; ते मोकळं राहावं म्हणून त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. विद्युतवाहकता मोजायची असेल तर वेगळ्या कपात मोजा, कारण पीएचच्या इलेक्ट्रोडमधून क्षार थोडे थोडे पाण्यात झिरपतात.

पण या सगळ्याआधी एक चाचणी करा, जी सहसा कोणी सांगत नाही. डिस्टिल्ड पाणी पसरट काचेच्या भांड्यात रात्रभर बाल्कनीत ठेवा, वर जाळीचं कापड टाका. घाई असेल तर माशांच्या टाकीचा पंप लावून अर्धा तास बुडबुडे सोडा. पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्याचं कार्बोनिक आम्ल बनतं आणि पीएच ५.६ च्या आसपास येऊन थांबतो. हवेत हा वायू दशलक्षात ४२० भागांच्या घरात आहे, त्यावरूनच हा आकडा निघतो. तुमचं पेन ५.५ ते ५.८ च्या दरम्यान आलं तर पावसाकडे वळा, नाहीतर आधी पेनचं बघा. ही चाचणी माणसांनी भरलेल्या बंद खोलीत करू नका. तिथे हा वायू सहज हजारावर जातो आणि आकडा ५.४ वर उतरतो. खात्री हवी असेल तर स्ट्रॉने त्या पाण्यात काही मिनिटं फुंकर मारा. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असल्यामुळे आकडा ४.६ कडे घसरायला लागतो.

आता पावसाचा आकडा. ५.६ च्या खाली गेला की ‘ॲसिड’ म्हणून ओरडू नका. स्वच्छ हवेतल्या पावसाचाही पीएच ५ च्या आसपास असू शकतो. थेंब बारीक असल्यामुळे त्याला आकाराच्या मानाने पृष्ठभाग मोठा मिळतो आणि तो वाटेतले वायू झपाट्याने ओढून घेतो. सल्फर डायऑक्साइड पाण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा तीसपटीहून जास्त विरघळतो आणि थेंबातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. अमोनिया त्याहून कितीतरी जास्त विरघळतो आणि आकडा उलट वर नेतो. म्हणून शेजारी गोठा असेल तर तेही वहीत लिहा. आपल्याकडे त्यात चुनखडीयुक्त मातीची धूळ येते. ती आम्ल मारते, म्हणून भारतात बऱ्याच ठिकाणी पाऊस ६ च्या वर भरतो. हवेत सल्फर नाही असा त्याचा अर्थ काढू नका.

त्यामुळे एका सरीचा एकच आकडा मला पटत नाही. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी एका बाटलीत, पुढचं दुसरीत घ्या. पहिल्या बाटलीत हवेतली धूळ आणि वायू धुऊन आलेले असतात, दुसरीत बहुतांशी ढगाचं पाणी असतं. बाटल्या काठोकाठ भरून घट्ट झाका आणि त्याच दिवशी मोजा. ठेवायच्याच असतील तर फ्रिजमध्ये ठेवा आणि मोजण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फरशी पुसायच्या अमोनियाच्या बाटलीजवळ मात्र त्या उघडू नका.