स्पार्क प्लगचा रंग पाहून कार्बोरेटर सेट करताय? या चुका टाळा

नागपूरच्या वर्धा रोडवर गाडी ताणायची, सीताबर्डीच्या सिग्नलवर घुरघुरत उभी ठेवायची आणि घरी प्लग काढून म्हणायचं, "काळा आहे, मेन जेट लहान करा." (जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी.) जुन्या आरएक्स १०० किंवा राजदूत ३५० वर एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट) आणि पॉड फिल्टर (डब्याविना उघडा एअर फिल्टर) चढवणाऱ्यांची ही पहिली चूक. तो काळेपणा सिग्नलवरच्या आयडलिंगचा, म्हणजे पायलट जेटचा. मेन जेटचा तिथे संबंधच नाही.

साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, एअर स्क्रू (त्याची हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) आणि स्लाइडचा कटअवे (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा तिरका काप) काम करतात. पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकणारी सुई), त्यापुढे मेन जेट. जे तपासायचं, त्याच थ्रॉटलवर इंजिन बंद झालं पाहिजे. मेन जेटसाठी गरम इंजिनात नवा प्लग लावा. रिकाम्या रस्त्यावर (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तिकडे नको) तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद फुल थ्रॉटल द्या, मग क्लच आणि किल स्विच एकदम दाबा. किल स्विच नसेल तर आधी बसवा. एका फेरीत रंग चढत नाही, तीन-चार माराव्या लागतात.

पाहायचं कुठे? टोकावर नाही. पांढरी चिनी माती आत जिथे संपते तिथे, टॉर्च आणि १०x भिंग घेऊन. तळाशी फिकट तपकिरी कडी असेल तर मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) ठीक. जाड काळी कडी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), कडीच नसेल तर लीन (पेट्रोल कमी). प्लगभर चॉकलेटी रंग शोधत बसू नका. तो सल्ला शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला, आणि ते देशात २००० सालीच बंद झालं.

प्लग पांढरा दिसला की लगेच जेट बदलू नका. आधी इनटेकचं रबर चिरलंय का पाहा. नवा वॉशरचा प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा फिरवला होता का? ढिला प्लग तापतो आणि खोटं सांगतो. हीट रेंजमध्येही (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) गल्लत होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट. चिनी मातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होतंय. चाचणी तिथेच थांबवा, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा.

मिकुनी व्हीएम कार्बोरेटरमध्ये एअर स्क्रू आत फिरवला की मिक्श्चर रिच होतं. स्क्रू इंजिनच्या बाजूला असलेल्या कार्बोरेटरमध्ये लीन. नीडलचं लॉक एक खाच खाली केलं की नीडल वर येते, रिच होतं. जेट ड्रिलने मोठा करणं तर सोडूनच द्या, भोक कधीच नीट येत नाही.

ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरताय? इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर गाडी लीन चालते. त्यात नागपूरचा उन्हाळा. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. मे महिन्यात बरोबर बसलेला मेन जेट डिसेंबरच्या पहाटे लीन होतो, आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन अशाच वेळी जाम होतो. म्हणून थंडी सुरू झाली की एक नंबर मोठा जेट टाकून प्लग पुन्हा वाचा.