कॅन्सरचा पेशंट घरी आलाय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडं पेशंट केमो, रेडिएशन घेऊन घरी आला की पुढचं सगळं घरच्यांवर आणि आशाताई, सिस्टरवर येतं, आणि तिथं त्याच त्याच चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक दुखण्याच्या गोळीची. असह्य झालं की मगच गोळी, तोवर "सोसा थोडं". असं नका करू हो! कॅन्सरच्या दुखण्याची गोळी घड्याळ बघून द्यायची असते, साधी मॉर्फिन दर ४ तासांनी लिहून दिली असेल तर दर ४ तासांनीच, त्यावेळी दुखत नसलं तरी, कारण एकदा ठणका चढला की उतरवायला जड जातं. मॉर्फिन म्हटलं की "सवय लागणार", "म्हणजे आता शेवटचंच" असं म्हणून लोक गोळ्या कपाटात ठेवतात आणि पेशंट रात्रभर कण्हतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात दुखण्यासाठी घेतलं तर व्यसन सहसा लागत नाही. संडासला मात्र घट्ट होतं, म्हणून सोबतचं पोट साफ व्हायचं औषध बंद करू नका, बरेच जण नेमकं तेच आधी सोडतात. सिस्टर कन्नड बोलणाऱ्या आणि आजीला फक्त मराठी, असं असलं तर दुखणं ० ते १० मध्ये किती ते आजीलाच बोटांवर दाखवू द्या, मधल्या माणसानं "बरं आहे" सांगून मोकळं होऊ नये.

केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, इन्फेक्शन काही तासांत जिवावर बेततं. लगेच हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. कणकुंबी, जांबोटीकडच्यांनी रात्री गाडी कुणाची मिळणार ते आधीच ठरवून ठेवा, १०८ चा नंबर आहेच.

झोपून असलेल्याची कूस साधारण दर २ तासांनी बदला, लाल झालेली जागा चोळू नका.

जखमेला वास येतो म्हणून हळद, पाला लावतात, खाट पडवीत काढतात. फार वाईट वाटतं बघून. वासावर मेट्रोनिडाझोलसारखं औषध असतं, डॉक्टरांना, सिस्टरना मोकळेपणानं विचारा की.

आणि मिश्री. तोंडाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट झाल्यावर परत "थोडीशीच" म्हणून सुरू होते. पेशंटच्या एकट्याच्या मागं लागू नका, घरातल्या सगळ्यांनीच सोडा, डबी घराबाहेर काढा.