अमेरिकेत ई-बाइक रस्त्यावर आणण्यापूर्वी: राज्याच्या कायद्यांची तयारी

तयारीची सुरुवात कायद्यापासून नव्हे, सायकलपासून करावी. तीन क्लासची पद्धत स्वीकारलेल्या बहुतेक राज्यांत उत्पादकाने सायकलवर कायमस्वरूपी लेबल लावणे बंधनकारक असते आणि त्यावर क्लास, मोटारच्या साहाय्याने गाठता येणारा कमाल वेग व मोटारची वॅटमधील क्षमता या तीन गोष्टी छापलेल्या असतात. पेडल मारतानाच मोटार साहाय्य करते आणि ताशी 20 मैलांना थांबते, ती क्लास 1; पेडल न मारता केवळ थ्रॉटलवर (मोटारला वेग देणारी मूठ किंवा बटण) चालू शकते, पण मोटार त्याच वेगाला थांबते, ती क्लास 2; आणि पेडल मारताना ताशी 28 मैलांपर्यंत साहाय्य मिळते, ती क्लास 3. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये ही विभागणी कायद्यात आणली आणि पुढे अनेक राज्यांनी ती थोड्याफार फरकाने उचलली. लेबलचा स्पष्ट फोटो काढून फोनमध्ये ठेवावा, कारण चिखलाने किंवा घासल्याने अक्षरे पुसट होतात.

त्यानंतर लेबल खरे बोलते की नाही, हे तपासावे. माझ्या मते संपूर्ण तयारीत याहून महत्त्वाचे काम नाही, आणि नेमके तेच बहुतेक जण सोडून देतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगमर्यादा किती ठेवली आहे ते पाहावे. मोकळ्या, सपाट जागी पेडल न मारता केवळ थ्रॉटल दाबून मोटार किती वेगाला थांबते तेही पाहावे. लेबलवर क्लास 2 लिहिलेले असताना थ्रॉटलवर ताशी 28 मैल गाठणारी सायकल कायद्याच्या नजरेत ई-बाइक राहत नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून क्लास 1 व क्लास 3 सायकलींना केवळ थ्रॉटलवर चालण्याची मुभा उरलेली नाही. सायकल सुरू करताना किंवा हाताने ढकलताना ताशी 3.7 मैलांपर्यंत मिळणारे साहाय्य एवढाच त्याला अपवाद आहे. या व्याख्येत न बसणारे वाहन मोपेड किंवा मोटारसायकलच्या वर्गात जाऊ शकते आणि मग परवाना, नोंदणी, नंबरप्लेट हे सगळे मागे लागते.

‘पन्नासही राज्यांत कायदेशीर’ या जाहिरातीतील वाक्यावर विसंबू नये. त्यामागचा संघीय कायदा 2002 चा आहे. चालू स्थितीतील पेडल, 750 वॅटपेक्षा कमी क्षमतेची मोटार आणि केवळ मोटारवर ताशी 20 मैलांपेक्षा कमी वेग, अशी व्याख्या करून त्याने या सायकलींची निर्मिती व विक्री ग्राहक-सुरक्षेच्या नियमांखाली आणली. ती रस्त्यावर कोणी, कुठे आणि कोणत्या वयात चालवावी, हे राज्ये ठरवतात. विक्रेत्याचे म्हणणे त्यामुळे खोटे नसेलही, पण आपल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

आता राज्याची वाहतूक संहिता उघडावी आणि आधी व्याख्यांचे कलम वाचावे. कॅलिफोर्नियात हे कलम 312.5 आहे. क्लास 3 साठी किमान 16 वर्षे वय व कोणत्याही वयात हेल्मेट हे नियम मात्र तेथे नसून कलम 21213 मध्ये आहेत, म्हणून एकच कलम वाचून थांबू नये. शेजारच्या राज्यात तेच शब्द वेगळ्या अर्थाने येऊ शकतात. न्यूयॉर्कच्या 2020 च्या कायद्यातील क्लास 3 म्हणजे ताशी 25 मैलांपर्यंत जाणारी थ्रॉटलची सायकल, आणि तीही दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरापुरती, म्हणजे प्रत्यक्षात न्यूयॉर्क शहरापुरतीच. मॅसॅच्युसेट्सच्या 2022 च्या कायद्याने केवळ क्लास 1 व 2 यांनाच ई-बाइक मानले. पेनसिल्व्हेनियात क्लासऐवजी वजन मोजले जाते: सायकल 100 पौंडांपेक्षा जड नसावी आणि चालवणारा किमान 16 वर्षांचा असावा. मिनेसोटात वयाची अट 15 वर्षांची आहे. कनेक्टिकटमध्ये ई-बाइकवर बसणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट लागते. मुलांसाठी सायकल घेणाऱ्या पालकांनी वयाची अट पैसे देण्यापूर्वीच पाहावी. राज्याची सीमा ओलांडून जायचे असेल, तर दोन्ही बाजूंचे नियम वाचून त्यांतला कडक नियम पाळणे सोयीचे पडते.

राज्याने परवानगी दिली, तरी वाट ज्याच्या ताब्यात आहे त्याचे नियम उरतातच. फुटपाथवर चालवता येईल का, हे बहुधा शहर ठरवते. सार्वजनिक जंगलात मात्र खरी गफलत होते: राष्ट्रीय उद्यानांत साध्या सायकलींना खुल्या असलेल्या वाटांवर ई-बाइकला परवानगी द्यायची की नाही हे त्या उद्यानाचे प्रमुख ठरवतात, तर राष्ट्रीय वनांचा कारभार पाहणारी वनसेवा ई-बाइकला मोटारवाहन मानते आणि वेगळी परवानगी नसेल तेथे तिला मोटारवाहनांना खुल्या असलेल्या वाटांवरच येऊ देते. ‘वाइल्डरनेस’ (नैसर्गिक स्थितीत राखीव ठेवलेली जागा) म्हणून घोषित केलेल्या क्षेत्रांत तर साधी सायकलही चालत नाही. गाडीच्या मागे सायकल बांधून निघण्यापूर्वी त्या विशिष्ट वाटेचे संकेतस्थळावरील पान पाहावे, किंवा सरळ तेथील कार्यालयाला फोन करावा.

शेवटी कागदपत्रे. खरेदीची पावती व फ्रेमचा क्रमांक जपून ठेवावा, आणि बॅटरीचे सुरक्षा प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर 2023 पासून विक्रीसाठी ते बंधनकारक आहे. घराच्या विमा पॉलिसीत मोटार असलेली वाहने अनेकदा वगळलेली असतात, म्हणून आपल्या क्लासचा स्पष्ट उल्लेख करून चोरी आणि दुसऱ्याला झालेली इजा या दोन्हींबद्दल विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे.