गावात पाळणाघर हवे असेल, तर अनुदानाची मागणी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत अंगणवाडी नसलेले गाव क्वचितच आढळेल. तरीही भात लावणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत दीड वर्षाचे मूल कोणाकडे ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक कष्टकरी घरात असतो, कारण अंगणवाडीची दैनंदिन बैठक मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते. त्याहून लहान मुलांच्या सांभाळासाठी सरकारी पैसा उपलब्ध आहे. मात्र तो दोन वेगवेगळ्या खात्यांतून येतो आणि चुकीच्या दारी दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

पहिले दार ग्रामपंचायतीचे. कर्नाटक सरकारने 2023–24 च्या अर्थसंकल्पात ‘कूसिन मने’ ही योजना जाहीर केली. उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामावर जाणाऱ्या मातांची सहा महिने ते तीन वर्षे वयाची मुले पंचायतीच्या शिशुगृहात सांभाळली जावीत, हा तिचा उद्देश. यासाठी पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, भेटावे. दुसरे दार बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचे, म्हणजे तालुक्याच्या सीडीपीओ कार्यालयाचे. जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना 1 एप्रिल 2022 पासून केंद्राच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ या कार्यक्रमाअंतर्गत ‘पालना’ या नावाने चालते. तिचा खर्च कर्नाटकासारख्या राज्यात केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के उचलते. आई कोणते काम करते, ही अट तिच्यात नाही, त्यामुळे निपाणीकडील घरबसल्या विड्या वळणाऱ्या बायकांसाठी हेच दार अधिक सोयीचे ठरावे. सहा महिने ते सहा वर्षांची सुमारे पंचवीस मुले, एक कार्यकर्ती, एक मदतनीस, महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास, असे पालनाचे स्वरूप आहे.

अर्ज लिहिण्याआधी यादी करावी, आणि खरे बळ या यादीतच असते. ‘आमच्या गावी पाळणाघराची नितांत गरज आहे’ अशा वाक्यांनी भरलेले निवेदन कोणीही बाजूला सारू शकतो; परंतु मूल नऊ महिन्यांचे, आई सकाळी आठला लावणीला जाते व संध्याकाळी पाचला परतते, सध्या सांभाळणारी बहीण तिसरीत असून तिची शाळा बुडते, अशी एकेका घराची नोंद समोर ठेवली, की मुलांची संख्या, वयोगट आणि केंद्राची वेळ ही तिन्ही उत्तरे आपोआप मिळतात. स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे गावातील महिला बचत गटाच्या, सदस्यांनी अंगणवाडी शिक्षिकेच्या नोंदवहीशी ताडून ही यादी करावी. या यादीची वही पुढे चौकशीसाठी येणाऱ्या आईला कोठे जागा आहे, कोणत्या वाडीत शिशुगृह आहे, हे सांगण्यासही उपयोगी पडते. ती पंचायतीत ठेवून दर महिन्याला अद्ययावत करावी.

यानंतर मागणी वॉर्डसभेत मांडून ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत अर्जाला जोडावी. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार असल्याने अर्ज मराठीत देता येतो. तरी फाईल कन्नडमधून पुढे सरकत असल्यामुळे सोबत कन्नड प्रत द्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. हक्क सोडायचा नाही आणि कामही अडवून घ्यायचे नाही. तारीख व शिक्का असलेली पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर त्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारावे. माहिती देण्याची मुदत 30 दिवसांची आहे.

मंजुरी मिळाली म्हणजे देखभाल चांगली झाली, असे नव्हे. चूल किंवा गॅस मुलांच्या खोलीबाहेर असावा, झोपायला कोरडी जागा असावी, पिण्याचे पाणी झाकलेले असावे, प्रत्येक मुलाचे वजन नियमितपणे नोंदवले जावे, आणि मूल कोणाच्या हाती सोपवायचे त्यांची नावे दारापाशीच्या वहीत लिहिलेली असावीत. पालकांनी महिन्यातून एकदा, न कळवता, दुपारच्या जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे आणि उणीव दिसल्यास ती पर्यवेक्षिकेकडे लेखी नोंदवावी.