मोस्ट वॉन्टेडमध्ये पोलिस मागे लागले की काय करायचं

नाशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या सिडकोत कोणाच्या ना कोणाच्या पीसीवर अजून नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड चालू असतो आणि नवीन पोरांची तक्रार एकच, रेस जिंकतो पण पोलिस पकडतात. म्हणून हे नीट लिहितोय. आधी क्लिअर करतो, हा २००५ चा गेम, ईए ब्लॅक बॉक्सने बनवलेला, रॉकपोर्ट शहरवाला. २०१२ ला त्याच नावाने क्रायटेरियनचा आला तो फेअरहेवनमधला, त्याची सिस्टीम वेगळी आहे, इथलं काही तिकडे लावायला जाऊ नका.

सुरुवात थोडक्यात. रेझर नावाचा रेसर तुमची बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर घेऊन जातो, मग साधी गाडी घ्यायची आणि ब्लॅकलिस्टमधले, म्हणजे शहरातल्या टॉप रेसर्सच्या यादीतले १५ जण एकेक करून हरवत वर जायचं, पहिला सोनी १५ नंबरवर आणि शेवटी रेझर. गाडी गोल्फ घ्या नाहीतर कोबाल्ट, दोन्ही चांगल्या. प्रत्येकाला चॅलेंज करायच्या आधी तीन गोष्टी लागतात, रेस, माइलस्टोन (ठरवून दिलेली टार्गेट) आणि बाउंटी (पोलिसांना त्रास देऊन जमणारे पॉइंट). बाउंटी आणि बरेचसे माइलस्टोन पोलिसांच्या चेसमधूनच मिळतात, म्हणजे पोलिसांना टाळून हा गेम पुढे सरकतच नाही, आणि गेमचा जीवही त्यातच आहे.

आता मेन गोष्ट. नवीन माणूस काय करतो, सायरन वाजला की हायवे पकडतो आणि फुल ॲक्सिलरेटर. हायवेवर ते तुमच्या मागे येतच राहतात, रस्ता सरळ असतो, तुम्ही लांबूनही दिसता, मग पुढून रोडब्लॉक लागतो आणि खेळ संपतो. चेस स्पीडने सुटत नाही, नजरेआड झाल्यावर सुटते. स्क्रीनच्या खाली पट्टी असते बघा, एका बाजूला बस्टेड आणि दुसऱ्या बाजूला इव्हेड. एकही पोलिस तुम्हाला बघत नसेल तरच इव्हेडची बाजू भरते, ती भरली की कूलडाउन चालू होतं, आणि कूलडाउन संपलं की सुटलात. कूलडाउनमध्ये मिनीमॅपवर लपायच्या जागा दिसतात, तिथे जाऊन गाडी उभी करायची आणि गप बसायचं, तिथे कूलडाउन पटकन भरतं. पोरं इथेच घाई करतात, उगाच फिरत राहतात आणि एखादी गस्तीची गाडी समोर आली की परत पहिल्यापासून.

म्हणून मॅप पाठ पाहिजे. पंचवटीतला माणूस रामकुंडाच्या गर्दीतून गल्लीबोळाने कसा बरोबर बाहेर पडतो, तसं रोझवूड तुमच्या डोक्यात बसलं पाहिजे. सुरुवातीला रोझवूडच उघडं असतं, बाकीचे भाग नंतर उघडतात, त्यामुळे आधी पोलिस मागे नसताना नुसतं फिरा, गोल्फ कोर्समधून कुठे आत जाता येतं आणि कुठून बाहेर पडता येतं ते बघा.

पर्स्यूट ब्रेकर हे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार. मॅपवर लाल त्रिकोण दिसतात ना, त्या जागा, म्हणजे पेट्रोल पंप, परांची, दुकानावरचा तो मोठा डोनट. तुम्ही त्यावर गाडी घातली की ते कोसळतं आणि मागचे पोलिस त्याखाली येतात. पण एका चेसमध्ये एक ब्रेकर एकदाच वापरता येतो, म्हणून दोनच गाड्या मागे असताना वाया घालवू नका, घोळका जमू द्या, मग पाडा आणि लगेच पुढच्या वळणावरून आत घुसा. पाडून सरळच गेलात तर लांबून येणारा दुसरा पोलिस बघतो आणि सगळं फुकट जातं.

स्पीडब्रेकर म्हणजे टाइम स्लो होतो ते. जोरात चालवलं की ते परत भरतं. हे काटकोनी वळणाला आणि त्या जड एसयूव्हींसाठी राखून ठेवा, हीट, म्हणजे पोलिस किती जोरात मागे लागलेत त्याची लेव्हल, वाढली की त्या समोरून सरळ तुमच्या अंगावर येतात, त्यांना धडकायचं नाही, अगदी जवळ येऊ द्यायचं, टाइम स्लो करायचा आणि बाजूला काढायचं.

रोडब्लॉकला पोलिसांच्या गाडीच्या मागच्या बाजूला धडकायचं, डिकीकडे. इंजिन पुढे असल्यामुळे पुढची बाजू जड असते आणि मागची हलकी, ती पटकन फिरते आणि तुमचा स्पीड कमी मरतो. वरच्या हीटला मधली मोकळी जागा बघून खुश होऊ नका, तिथे बऱ्याचदा काटे पसरलेले असतात आणि टायर फुटले की तुम्ही जवळजवळ पकडले गेलातच. आणि प्लीज गाणी थोडी बारीक करा. पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं उगाच घातलेलं नाही, रोडब्लॉक लावतायत, काटे टाकतायत हे ते आधीच बोलतात, ऐकलं तर रस्ता बदलायला वेळ मिळतो. आवाज बंद करून खेळणाऱ्याला हा गेम अर्धाच मिळतो असं मला खरंच वाटतं.

हीट गाडीवर चढते, तुमच्यावर नाही. त्यामुळे दोन गाड्या ठेवा, एक रेससाठी आणि एक चेससाठी. दुसरी गाडी चालवत असताना पहिलीची हीट उतरते, शिवाय कलर किंवा बॉडी बदलली तरी कमी होते. पकडले गेलात तर दंड आणि गाडीवर स्ट्राइक (पकडल्याची एक खूण), स्ट्राइक भरले की गाडी जप्त, म्हणून आवडती गाडी मोठ्या चेसमध्ये काढू नका. बाउंटी सुटल्यावरच मिळते हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, पाऊण तास चेस ओढत बसलात आणि लाईट गेली की त्या चेसचं सगळं गेलं. माइलस्टोन झाला की सुटायच्या मागे लागा, पुढचा दुसऱ्या चेसमध्ये करा.

ब्लॅकलिस्टवाल्याला हरवलं की सहापैकी दोन मार्कर, म्हणजे बक्षिसं, घ्यायचे असतात, तीनवर काय मिळेल ते लिहिलेलं असतं आणि तीनवर प्रश्नचिन्ह. त्याची गाडी प्रश्नचिन्हांपैकी एकात असते. मी दोन्ही तिथेच लावतो, आयती फुल केलेली गाडी मिळाली तर पुढचे दोन-तीन जण सोपे जातात.

नवीन स्क्रीनवर गेम दोन्ही बाजूंनी ताणलेला दिसतो कारण पीसीवर त्याला मुळात वाइडस्क्रीन नाहीये, फॅन लोकांनी बनवलेला वाइडस्क्रीन फिक्स टाकला की नीट होतं.

रेझरला हरवल्यावर एम३ परत मिळते आणि अख्खी फोर्स मागे लागते, तुमच्या मागावर असलेल्या सार्जंट क्रॉससकट. तिथे लपून सुटायला बघू नका, काही मिनिटं फक्त टिकायचंय. पर्स्यूट ब्रेकर जवळ असतील अशा भागात गोल गोल फिरत राहा, नायट्रो उधळू नका, तुम्हाला फोनवर मदत करणाऱ्या मियाचा फोन आला की तुटलेल्या पुलाची जागा मॅपवर दिसेल, मग कुठेही न वळता थेट तिकडे आणि उडी मारताना फुल स्पीड.