गांजाची चार रोपे आणि ऐकीव ज्ञान : या चुका टाळा

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रत्येक घराला गांजाची चार रोपे लावण्याची मुभा मिळाली आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात ओळखीतले कोणी ना कोणी मराठी घर माझ्याकडे सल्ला मागते. (महाराष्ट्रात हीच लागवड 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरते, हे गावी बिया नेण्याचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) हे पीक अनेक दशके लपूनछपून घेतले गेले; चारचौघांत पडताळा पाहण्याची सोय नव्हती आणि संशोधकांना परवानगी मिळणे अवघड होते, त्यामुळे एकाने सांगितलेले दुसऱ्याने जसेच्या तसे पुढे चालवले.

त्यातील सर्वांत चिवट समजूत म्हणजे काढणीआधी दोन आठवडे खत बंद करून नुसते पाणी देणे, म्हणजेच फ्लशिंग. त्यामुळे फुलोऱ्यात साचलेले खत धुऊन निघते, असे सांगतात. मीही पहिली दोन वर्षे हे निष्ठेने केले. तिसऱ्या वर्षी एकाच झाडाच्या कलमांपासून वाढवलेली दोन रोपे शेजारी शेजारी ठेवली, एकाला नुसते पाणी दिले आणि दुसऱ्याचे खत शेवटपर्यंत चालू ठेवले. दहाव्या दिवशी पहिल्याची खालची पाने पिवळीधमक झाली आणि हात लागताच देठासकट गळू लागली. पाहणाऱ्यांनी "खत निघून चालले" असा निर्वाळा दिला. वस्तुतः उपाशी रोप जुन्या पानांतील नत्र वरच्या वाढीकडे ओढून घेते, त्याचा तो पिवळेपणा असतो. मुळांशी ओतलेल्या पाण्याने मातीतील क्षार निघून जातात, पेशींतील अन्नद्रव्ये नव्हेत. वाळलेले फुलोरे मी केवळ आकडे लिहिलेल्या बरण्यांत भरून चार मित्रांपुढे ठेवले. एकालाही खात्रीने फरक सांगता आला नाही. दोन रोपांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य आहे. परंतु कोलोराडोतील एका खत-कंपनीने 14, 10, 7 आणि 0 दिवस असे गट करून घेतलेल्या चाचणीतही नुसत्या पाण्याचा लाभ दिसला नाही.

दुसरी चूक बाटल्यांची. गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या रोपाची कोवळी पाने शिरांच्या मधून फिकट झाली, तेव्हा त्यांनी आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणली आणि आठवडाभरात गुण आला नाही म्हणून फुलोऱ्याचे स्फुरदयुक्त (फॉस्फरसयुक्त) बूस्टरही ओतले. वॉटर्लू परिसरातील नळाचे पाणी मुळातच जड असते, त्यात कॅल्शियम भरपूर असते. मी कुंडीतून झिरपलेल्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) मोजला, तो 7.6 निघाला. लोह मातीत होते, पण त्या सामूला मुळांना ते घेता येत नव्हते, आणि जादा स्फुरदाने अडचण वाढवली होती. सामू उतरवल्यावर नवी पाने हिरवी आली, पण वाया गेलेले तीन आठवडे परत आले नाहीत. युटा स्टेट विद्यापीठाच्या 2022 च्या अभ्यासातही वाढीव स्फुरदाने उत्पादन वा प्रत सुधारली नाही, केवळ झिरपणाऱ्या पाण्यात स्फुरद वाढले. ज्यांना चार दिवस धीर धरवत नाही, त्यांनी बाटलीऐवजी सामूमापक विकत घ्यावा. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तारीख वहीत लिहितो आणि चारपैकी एका रोपावर कोणताही प्रयोग करत नाही.

अतिनील दिव्यांवर खर्च करू नये. ग्वेल्फ विद्यापीठाच्या 2021 च्या प्रयोगांत त्याने ना उत्पादन वाढले, ना गुणद्रव्ये, म्हणजे गांजाचा परिणाम घडवणारी रसायने. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडते, पण पाणी निर्जंतुक करण्यासाठी काही ठिकाणी वापरले जाणारे क्लोरामाइन तसे उडत नाही. फांदी कडकन मोडली म्हणजे फुलोरा आतून वाळला, असेही समजू नये. बरणीत छोटा आर्द्रतामापक ठेवावा, कारण बुरशी लागलेला माल फेकण्यावाचून गत्यंतर नसते.

जुने ते सगळे खोटे, असे मात्र मी म्हणत नाही. 1893-94 च्या भांग-गांजा चौकशी आयोगाच्या अहवालात बंगालमधील नौगाव भागातील पोद्दारांची नोंद आहे. ते शेतात फिरून नर रोपे हुडकून उपटवून घेत. परागण न झालेल्या मादी फुलोऱ्यात गुणद्रव्ये अधिक राहतात, हे प्रयोगशाळांनी पुढे दाखवले. नराच्या पेरावर देठाची बारीक बोंडे लटकतात, मादीच्या पेरातून दोन पांढरे केस बाहेर येतात. ऑगस्टभर रोज सकाळी मी भिंग घेऊन प्रत्येक पेर तपासतो, आणि या कामाला अद्याप कोणतीही पळवाट मला सापडलेली नाही.